जावयाने दिलेली चाकं

करणी, भानामती असल्या गप्पा निघाल्या की मी उठून जातो. या ग्रुपवर लोक लिहितात त्या अनुभवांचीही मी बऱ्याचदा टर उडवली आहे. पण हे माझ्याच गाडीत घडलं, भर दिवसा.

आम्ही मंगळवेढ्याचे. माझी एसयूव्ही सतरा वर्षांची, अंगाने नुसती म्हैस! आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी सोलापूरला न्यावं लागतं, आणि ब्रेक पार तळाला जायला लागले होते. ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, मोहोळला असतात. त्यांच्याकडे याच गाडीचं पुढचं मॉडेल होतं. खड्ड्यात आपटली असं सांगून त्यांनी ती मोडीत काढली आणि तिच्या ब्रेकच्या मोठ्या डिस्क आणि त्यांना आवळणारे कॅलिपर मला दिले. मोठी डिस्क माझ्या जुन्या चाकात मावेना, म्हणून लाल टोप्यांची अलॉय चाकंही दिली. सोलापुरात आमच्या नेहमीच्या गॅरेजच्या मिस्त्रींनी सगळं बसवलं. ब्रेक एकदम कडक, मी खूश.

तिसऱ्या दिवशी वास सुरू झाला. ओलं जनावर आणि नासलेलं रक्त! आईने नाकाला पदर लावला. मिस्त्रींनी चाक काढलं, तर ब्रेकच्या पॅडमध्ये काळी लोकर... ओली, चिकट. पक्कडीने ओढली तरी तुटत तुटत येत होती. शी! पेट्रोलने धुतलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. असं चार वेळा झालं.

"मेंढरातनं गाडी घालताय काय साहेब?" मिस्त्री म्हणाले. छे हो, मी कशाला घालतोय!

म्हटलं, परत देऊन टाकतो. तर आई म्हणाली, "जावयाचं दिल्यालं माघारी धाडत्यात व्हय? माझ्या लेकीला समदं ऐकावं लागंल." म्हणून सोसत राहिलो. आजारी बाईला त्या घाणीत बसवून!

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, कामतीच्या अलीकडे, माझा पाय ब्रेकवर नसताना चारही चाकं आवळली. गाडी जागेवर. रस्त्याकडेला एक म्हातारा मेंढपाळ बसला होता. तो आमच्याकडे नाही, चाकांकडे बघत होता.

"गाडी दुसरी हाय. चाकं तीच हायती, लाल टोप्यांची," तो म्हणाला. "गेल्या साली हितंच कळपात घातली. आठ मेंढरं गेली, त्याचं येक असू दे... पर आमची म्हातारी कमरेतनं गेली, अजून उठंना. थांबला बी न्हाय."

मी तिथूनच दाजींना फोन लावला, स्पीकरवर. म्हटलं, "दाजी, ब्रेकमधनं केस निघतायत हो."

ते म्हणाले, "काळे?"

केसांचा रंग मी सांगितलाच नव्हता. थू! अंगावर पाल पडावी तसं झालं. आईने सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आजच माघारी दे. आन येताना माझ्या लेकीला घिऊन ये."

चाकं आपोआप सुटली. आईचं डायलिसिस चालू असताना मिस्त्रींकडून जुनं सामान परत बसवून घेतलं, आणि तो सगळा सेट नेऊन दाजींच्या अंगणात टाकला. ताईला म्हटलं, बॅग भर.

ती चाकांकडे बघत राहिली. "मी बी गाडीतच हुते की रं," म्हणाली. "थांबू नगा म्हणून मीच म्हणले."

मी एकटाच आईला न्यायला परत आलो. ती लोकर कुठून येत होती, ओली कशी राहत होती, मला आजही कळलेलं नाही. आईला एवढंच सांगितलंय, की ताईला सध्या सवड नाही.