देवगाव रंगारीला, माफी मागायला

संभाजीनगरला निघालेय म्हटलं की लोक लेण्यांची आणि नान-खलियाच्या दुकानांची यादी पाठवतात. मी आजवर सात-आठ वेळा तिथं गेलेय आणि लेणी एकदाही पाहिलेली नाहीत, कारण दरवेळी कामावर होते. या वेळी काम नव्हतं. चेमाचा मेसेज आला होता, "शुक्रवारी माझं विमान. त्याआधी अश्विनीच्या घरी जायचंय. तू आली नाहीस तर मी बोलू कसा?" नाही म्हणायला तोंड नव्हतं.

चेमा हा संभाजीनगरजवळ चितेगावच्या एका खासगी अकादमीत मुलींना फुटबॉल शिकवणारा स्पॅनिश कोच. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते आणि सामन्यांच्या दिवशी त्याची दुभाषी व्हायचे. त्याच्या देशात खेळाडू कोचला 'मिस्टर' म्हणतात, म्हणून आमच्या मुलीही त्याला मिस्टरच म्हणायच्या. अश्विनी त्याच्या बचावफळीतली, एकोणीस वर्षांची. दोन महिन्यांपूर्वीच्या सामन्यात तिचा गुडघा कायमचा गेला. अकादमीनं चेमाचा करार वाढवला नाही.

पहिला दिवस प्रवासातच संपला. शिवाजीनगरहून एसटीनं सहा तास धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण खिडकी हवी असेल तर आधी बुकिंग करा. नेवाशाच्या पुढे रस्ता बरा आहे. संध्याकाळी शहागंजच्या बाजूला नान-खलिया मागवला. लोक इतकं कौतुक करतात ते खरंच असणार. मी अर्धा नान खाल्ला आणि उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चेमानं आणि मी भाड्याची गाडी केली. अश्विनीच्या गावाला, देवगाव रंगारीला, दौलताबादवरून जाताना किल्ल्याच्या त्या अरुंद दरवाजात एका वेळी एकच मोठी गाडी जाते, त्यामुळे अर्धा तास हातचा ठेवा. आम्ही तिथंच अडकलो. ड्रायव्हर शकीलभाईंनी इंजिन बंद करून पेरू घेतले, एक चेमाला दिला. चेमानं तो खाल्ला नाही, नुसता हातात फिरवत राहिला आणि बोलायला लागला.

अठराव्या वर्षापासून तो तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या क्लबांत खेळला. सकाळी टाइल्सच्या गोदामात काम, संध्याकाळी सराव, रविवारी बसनं कुठल्यातरी गावी सामना. नऊ वर्षांत सहा क्लब. सव्विसाव्या वर्षी गुडघा सुजलेला असताना कोचनं मध्यंतरात विचारलं, "कसं आहे?" याचा करार संपत आला होता. हा म्हणाला, "ठीक." इंजेक्शन घेऊन मैदानात गेला तो शेवटचा. पुढे स्वतः कोच झाला. एक संघ वरच्या श्रेणीत चढवला, दोन खाली गेले, एका क्लबनं फोनवरूनच काढून टाकलं. मग भारत.

"तो कोच मला भेटायला कधी आला नाही," चेमा म्हणाला. "वीस वर्षं मी वाट पाहिली. म्हणून मी जातोय."

दोन महिन्यांपूर्वीच्या त्या सामन्याच्या मध्यंतरात चेमानंही अश्विनीला विचारलं होतं, दुखतंय का. ती मला म्हणाली होती, "लई दुखतंय मॅडम. पण बाहेर बसवू नका म्हणावं." आणि मी चेमाला सांगितलं होतं, "ठीक आहे म्हणते. खेळायचंय तिला." मुली पाल्हाळ लावायच्या आणि मी त्यातलं कामाचं तेवढं उचलून द्यायचे. दोन वर्षांत ती सवयच झाली होती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

कसाबखेड्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. अश्विनीचं घर गावाच्या कडेला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली तिची पदकं. वडील वाळूजच्या कंपनीत नोकरीला, आज रजा टाकून थांबलेले. अश्विनी खुर्चीत पाय लांब करून बसली होती. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. मुलींना आठशे मीटर धावावं लागतं. डॉक्टर म्हणालेत, चालेल नीट, धावणं विसरा.

चहा आला. चेमा उभा राहिला, बोलला, मी सांगत गेले: चूक माझी आहे, मी माफी मागतो. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एकच सांगा मॅडम. खेळवायच्या आधी इचारलं व्हतं का ह्यांनी तिला?"

मी चेमाला विचारलं. तो म्हणाला, "हो. विचारलं. ती ठीक म्हणाली."

अश्विनी माझ्याकडे बघत होती. हे वाक्य मराठीत म्हटलं तर त्या पोरीनंच दुखणं लपवलं असं होणार होतं. खरं सांगायचं तर मला स्वतःचं नाव घ्यावं लागणार होतं. मी म्हणाले, "विचारायचं राहून गेलं म्हणतात."

वडिलांनी कप खाली ठेवला. "मग माफी कशाची मागता? बैलालाबी इचारून जुंपतो मानूस."

चेमानं हात पुढे केला होता. तो त्यांनी घेतला नाही. निघताना अश्विनी हळूच म्हणाली, "मॅडम, एवढं तरी खरं सांगायचं व्हतं." मी पायात चपला घालत राहिले. परतीच्या वाटेत मी चेमाला 'माफी नको म्हणतात' एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं."

पुण्याला येऊन चार दिवस मी शिकवण्या घेतल्या, धुणी धुतली. पाचव्या दिवशी त्याला सगळं लिहून पाठवलं, दोन्ही वेळचं. त्याच्या गावाहून उत्तर आलं: "तिचं चालणं मला दिसत होतं. कुठल्याही भाषेत कळलं असतं. मला 'ठीक' ऐकायचं होतं, ते तू ऐकवलंस. हे तिच्या वडिलांना सांग. माझंही सांग, तुझंही."

काल अश्विनीच्या वडिलांना फोन केला. सुरुवातीपासून सांगितलं, कुठंही काटछाट न करता.

"मी तिला लई बोललो व्हतो मॅडम," वडील म्हणाले. "त्यांनी इचारलं नाय तर तू व्हऊन का नाय सांगितलं म्हून. आठ दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाय."

मी म्हणाले, तिला फोन द्या, मी सांगते.

"नगं," ते म्हणाले. "तुमी नका सांगू आता. माझं मीच सांगतो."