बाबांच्या पायात मुलीच्या चपला

दोस्तांनो, आज स्टुडिओत भांडून आलोय. डोकं अजून गरम आहे.

शाळकरी पोरांसाठी आमची ॲनिमेशन मालिका चाललीय. नववीतल्या मुलीचे बाबा भांडून घर सोडतात, तो सीन मी काढला. (मध्येच नारायणगुड्याला चहाला गेलो, तिथेच तास गेला. असो.) रागात बाबा दारातल्या ढिगातून मुलीच्याच गुलाबी चपला घालून निघतात. टाचा बाहेर! रस्त्यात कळतं, पण परत कसं जायचं? तसेच चालत राहतात. गॅलरीतून बघणारी मुलगी फस्सकन हसते आणि हसता हसताच रडते.

आमच्या डायरेक्टर मंजूताई म्हणाल्या, "चपला काढून टाक. रडायच्या सीनमध्ये कॉमेडी कशाला?"

"नक्को ताई! मग ती पोरगी नुसती रडेल. आपल्या घरात कोण नुसतं रडतं?"

"बरं. उद्या दाखव. मला हसू आणि रडू दोन्ही आलं नाही, तर कापणार."

आता खोलीवर येऊन त्या मुलीचा चेहरा पुन्हा काढतोय. आधी ओठ हसायला हवेत की डोळे भरायला, तेवढं सापडेपर्यंत उठणार नाही.

तुमच्या घरी ऐन भांडणात कुणाला हसू फुटलंय? चेहरा कसा झाला होता, नीट आठवून लिहा ना.