बैलजोडीचा तपास आणि बी.ए.चा विद्यार्थी

मारेगावकडच्या एका ठाण्यात ठाणेदार असताना मी केलेला एक तपास आजही मनातून जात नाही. महाराष्ट्र राज्य होऊन दोनएक वर्षं झाली होती.

एका शेतकऱ्याची बैलजोडी गोठ्यातून चोरीला गेली. गावकऱ्यांनी जवळच्या तांड्यावरच्या एका बंजारा माणसाला धरून आणलं. कोणीतरी त्याला त्या वाटेवर पाहिलं होतं, एवढाच पुरावा. मी त्याला कोठडीत घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिर्यादीचाच मुलगा ठाण्यात आला. यवतमाळच्या कॉलेजात बी.ए. करणारा, सुटीत घरी आलेला.

"साहेब, त्या माणसाले काहून धरलं? आमच्या बैलाइले परवाच नवी नाल ठोकली. मी खुरं पाह्यत गेलतो. ते तांड्याकडं नाही, नदीकडं गेले."

"मग संशय कोणावर?"

त्याने आवाज खाली केला. "माह्या चुलतभावावर. वाटणीवरून त्याचं अन् बाबाचं वाजलं हाये."

मी स्वतः जाऊन पाहिलं. काठापर्यंत आठही खुरांचे नालेसकट ठसे स्पष्ट होते. चुलतभावाला बोलावून घेतलं. दरडावलं की माणूस तोंड मिटतो, हा माझा अनुभव. म्हणून त्याला चहा दिला आणि नुसत्या अंदाजाने खडा टाकून पाहिला, "डाव्या बैलाची नाल निघाली म्हणे."

"डाव्याची नाही साहेब, उजव्याची. नदीतल्या गोट्यात अडकून."

बोलून गेला आणि त्याचा चेहरा उतरला. नदीत काय झालं, ते बैल हाकणाऱ्यालाच ठाऊक असणार. संध्याकाळपर्यंत पलीकडच्या गावात जोडी सापडली, पंचनामा झाला.

मग कोठडी उघडली. फिर्यादी, पाटील, शिपाई सगळे उभे होते. मी त्या बंजारा माणसाला म्हणालो, "माझी चूक झाली. न तपासता तुम्हाला आत टाकलं." जमादाराला ते मुळीच रुचलं नाही.

त्या माणसाने पागोटं सारखं केलं. "हे तांड्यावर येऊन सांगा साहेब. तिथं बायको तोंड लपवून बसली."

मी गेलो. सगळ्यांसमोर हात जोडून सांगितलं.

काही वर्षांनी तोच विद्यार्थी फौजदार होऊन माझ्यासमोर सॅल्यूट ठोकून उभा राहिला. मी थट्टेने विचारलं, "वर्दीची हौस?"

"नाही साहेब. तुमी तांड्यावर गेलते, तवा मी मागंच होतो. त्याच दिवशी ठरवलं."

कॉलेजातली मुलं वर्दी आणि रुबाब पाहून पोलिसात येतात, असं मी समजत होतो. काही तशी येतातही. पण चांगली मुलं आम्हा पोलिसांचं वागणं पाहत असतात, हे त्या तपासाने मला शिकवलं. त्यानंतर गावाने नुसतं बोट दाखवलं म्हणून मी कोणालाही कोठडीत घातलं नाही.