स्केरिकभर पाणी

थेल्मा गार्बटला मागता येत नाही. लोक तिला मानी म्हणतात. मी तिची शेजारीण, मी मूर्ख म्हणते, तिच्या तोंडावर. अर्थात ऑस्ट्रेलियातल्या या पश्चिम क्वीन्सलंडमध्ये ही खोड सगळ्यांनाच. मेंढ्या पटापट मरत असल्या तरी आम्ही म्हणणार, "जरा कोरडं पडलंय."

आमच्याकडे एक शब्द आहे, स्केरिक. कणभर, तळाशी चिकटून उरलेलं. थेल्माचे पूर्वज यॉर्कशरचे. तिकडच्याच कुणीतरी तो बोटीतून आणला म्हणतात. त्याआधीचं मूळ कोशवाल्यांनाही नीट सापडलेलं नाही. इंग्लंडात तो आता फारसा ऐकू येत नाही, इथे मात्र रोज लागतो, आणि जवळजवळ नेहमी नकारातच: एक स्केरिकही नाही.

तेवढंच थेल्माला म्हणवत नव्हतं.

रोज सकाळी पाण्याचा टँकरवाला नेव्ह बिनतारी रेडिओवरून घरोघर विचारायचा. सगळा मुलूख ऐकत असायचा. ज्याचं संपलं त्याच्याकडे टँकर आधी.

"थेल्मा, तुझं काय?"

"आहे रे अजून स्केरिकभर. डॉसनकडे लेकरं आहेत, तिकडे जा."

तिचा नवरा क्लॅरी अंथरुणाला खिळलेला. त्याला घरीच मरायचं होतं आणि तिनं तसा शब्द दिला होता. पण नर्स बेरिलनं बजावलं होतं, "जखमा रोज धुवायला हव्यात, चादरी बदलायला हव्यात. पाणी नसेल तर मी त्याला इथे ठेवणार नाही."

बेरिल यायची होती त्या दिवशी सकाळी मी गेले, तर थेल्मा किटलीतल्या गार चहानं क्लॅरीचं तोंड पुसत होती. मी बाहेर जाऊन टाकीवर बोटं वाजवली. वरपासून बुडापर्यंत ठणठण.

"बाई, हा काय तमाशा? रेडिओ घे हातात!"

"डॉसनकडे..."

"खड्ड्यात गेले डॉसन! क्लॅरीचं काय?"

तिनं बटण दाबलं. बराच वेळ नुसती खरखर. मग म्हणाली, "नेव्ह, एक स्केरिकही नाही."

मग नेव्ह चिडून म्हणाला, "अगं म्हातारे, काल का नाही बोललीस? दूरच्या टोकाला टँकर रिकामा करून बसलोय. उद्याशिवाय नाही जमत."

दुपारी बेरिल आली. तिनं नळ सोडून पाहिला, जखमा पाहिल्या आणि रुग्णवाहिका मागवली. थेल्मानं तिचा हात धरला. "एक दिवस दे गं. फक्त एक."

"गेल्या खेपेलाच सांगायचं होतंस, थेल्मा."

थेल्मा क्लॅरीबरोबर इस्पितळात गेली. दुसऱ्या दिवशी नेव्ह आला तेव्हा घरात मी एकटीच.

"बाई, ओतू का?"

"ओत."

टाकी काठोकाठ भरली. पण त्या खडबडीत रस्त्यानं परतीचा प्रवास क्लॅरीला झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. थेल्मा आता इस्पितळामागच्या खोलीत राहते. मी भेटायला गेले तेव्हा क्लॅरी तिला विचारत होता, "घरी कधी गं?"

"पाणी आलं की," ती म्हणाली.