सोळा खून आणि एक आक्षेप

“सोळा खून झाले, त्याचं काय नाय. पण धाकटा भाऊ न विचारता घर सोडतो, ही कुठली रीत?” असं म्हणून दादांनी कादंबरीच्या शेवटच्या परिच्छेदावर हिरव्या शाईनं फुली मारली.

नाशिकच्या एका छोट्या प्रकाशनात मी बावीस वर्षं संपादक आहे. लेखक शब्द वाढवतात, मी कमी करते. दादा मात्र लेखक नव्हते, लेखकाचे थोरले भाऊ होते. लेखक त्यांच्या शेजारी बसून स्वतःच्या चपलांकडे बघत होते. शरदराव, चार भावांतले धाकटे, वय त्रेपन्न. लासलगावला कुटुंबाचा कांद्याचा व्यापार. त्या घरातून साधं पत्रही दादांच्या सहीशिवाय बाहेर पडत नसे. ही तर तीनशे पानं होती.

कादंबरी वेस्टर्न होती. म्हणजे अमेरिकेतला ओसाड मुलूख, घोडे, पिस्तुलं आणि बँका लुटत फिरणारे चार भाऊ. शरदरावांची स्वतःची पश्चिम मुंबईच्या मार्केटपाशी संपते, तरी घोडे खरे वाटत होते. खटकायचं ते वेगळंच. हे दरोडेखोर शेरीफला गोळी घालताना कचरत नसत, पण थोरला भाऊ पानावर बसेपर्यंत एकही जण जेवायला सुरुवात करत नसे. मी समासात विचारलं होतं, ‘अमेरिकेत असं करतात का?’ शरदरावांनी खाली लिहिलं, ‘घरात करतात.’ मी प्रश्न खोडला.

शेवटी धाकटा जेक घोड्यावर बसतो आणि एकटाच निघून जातो. अख्ख्या पुस्तकात मी हात न लावलेला तो एकच परिच्छेद.

दादांनी नवा शेवट सांगितला. जेक डोंगरापर्यंत जातो, त्याला पश्चात्ताप होतो, तो परत येऊन थोरल्याच्या पाया पडतो आणि चौघं मिळून पुढची बँक लुटतात.

“म्हणजे दरोडे चालूच राहतात?” मी विचारलं.

“एकत्र राहतात ना, मॅडम. खरं ते हाय.”

“शरदराव, तुमचं काय म्हणणं?”

“दादा म्हणतील तसं.”

आमच्या प्रकाशकांनी प्रकाशन समारंभाचं अध्यक्षपद दादांना आधीच देऊन टाकलं होतं. ते लगेच म्हणाले, “शेवट फारच कौटुंबिक आहे. फायनल प्रतीवर तुमच्या हातानं लिहून द्या. वाचक रडतील.” त्याबद्दल मलाही शंका नव्हती.

निघताना शरदरावांनी टेबलावरच्या दुसऱ्या एका प्रूफावर बोट ठेवलं. “हे ठिपके कसले, मॅडम?”

मी सांगितलं. प्रूफ म्हणजे छपाईआधीची तपासायची प्रत. आपण एखादी ओळ खोडतो आणि मग वाटतं, उगाच खोडली. अशा वेळी ती पुन्हा लिहीत नाहीत. तिच्याखाली ठिपके देतात. जुळणी करणाऱ्या ऑपरेटरला कळतं, खोडलेली ओळ मुळात होती तशीच छापायची.

“एकदा खोडलेलं परत येतं?” दादा म्हणाले. “बेकार पद्धत.”

“कुणाचे ठिपके चालतात?” शरदरावांनी विचारलं.

“लेखकाचे.”

आठवड्यानं फायनल प्रूफ लासलगावहून परत आलं. प्रत्येक पानावर दादांची हिरवी सही. शेवटच्या पानावर हिरवी फुली आणि समासात त्यांच्या अक्षरात जेकचा पश्चात्ताप. त्या पश्चात्तापावर पेन्सिलची एक बारीक रेघ होती आणि फुली मारलेल्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलचे ठिपके. अगदी मोजून मारल्यासारखे.

मी फोन लावला. मागे लिलाव चालू होता.

“ठिपके तुमचे?”

“माझेच.”

“दादांना विचारलंत?”

“विचारलं असतं तर नाय म्हणाले असते. मॅडम, जन्मात पहिल्यांदा न विचारता काही केलंय. तेवढं छापा.”

मी प्रकाशकांकडे गेले. त्यांनी मान वर न करता विचारलं, “पानावर दादांची सही आहे?”

“आहे.”

“मग झालं की.”

समारंभात दादा एकत्र कुटुंबावर पाऊण तास बोलले. मग म्हणाले, “शेवट मी वाचून दाखवतो.” शरदराव पुन्हा चपलांकडे बघायला लागले. दादांनी चष्मा लावला, शेवटचं पान उघडलं आणि ते वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं. समोर अख्खं मार्केट यार्ड बसलेलं. त्यांनी घसा साफ केला आणि वाचलं. जेक घोड्यावर बसला. जेक निघून गेला. दादांनी सावकाश पुस्तक मिटलं.

“हा शेवट,” ते म्हणाले, “आमच्या घरात एकमतानं ठरला.”

सगळ्यात उशिरापर्यंत टाळ्या शरदराव वाजवत होते.

चहाच्या वेळी दादा माझ्यापाशी आले. “मॅडम, ते ठिपक्यांचं तुम्ही सांगायला नको होतं.”

तेव्हापासून लेखकाबरोबर घरातलं कुणी थोरलं माणूस आलं, की मी प्रूफाच्या खुणा आधी समजावून सांगते.