हाजींची घुंगरं

साठच्या दशकात मी रत्नागिरीहून आखातातल्या रास अल खैमाच्या बाजारात मामूंच्या दुकानावर कामाला आलो. थंडी पडली की तिथे एक म्हातारा अरब यायचा. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, नुसतं हाजी म्हणायचो. आपले चार जुने दोस्त घेऊन ते वाळवंटात ससाण्याने पक्ष्यांची शिकार करायला जायचे आणि त्याची सगळी आखणी आमच्या फळीला टेकून करायचे. एकाचे गुडघे गेलेत, म्हणून उंट नको, जीप हवी. दुसऱ्याला दात नाहीत, म्हणून खजूर मऊच द्या. दोस्तांची दुखणी ते अशी सांगायचे, जणू नातवंडांचं कौतुक करताहेत.

एका वर्षी त्यांनी पितळी घुंगरं मागितली. डोळे मिटून एकेक घुंगरू कानाशी वाजवायचे आणि नापसंत करून बाजूला ठेवायचे. अर्धा डबा असा संपला, तेव्हा माझं डोकं फिरलं. डब्याचं झाकण मी धाडकन लावलं.

"हाजी, नातीच्या पैंजणाला एवढी पारख कशाला?"

"नाती का नहीं, हबीबी. ससाणा के पैर में बांधेगा," ते आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले. मग हळूच, "एक दोस्त अंधा हो गया."

"मग तो शिकारीला येऊन करणार काय?"

"ससाणा टेकडी के पीछे उतरेगा, हम को भी नहीं दिखेगा," हाजी हसले. "वो सुनेगा. वोही बोलेगा, किधर जाना."

मी झाकण पुन्हा उघडलं, डोळे मिटले आणि एक घुंगरू स्वतःच्या कानाशी नेलं.