शांत लेकरू
काल बाळंतीण भावजयीच्या खोलीतून ओव्याच्या धुरीचा वास आला आणि मी उंबऱ्यातच थांबले. घनसावंगीजवळच्या याच घरात माझी लेक झाली होती. आईनं पहिलं पिवळं दूध "खराब असतंय" म्हणून पिळून टाकायला लावलं आणि लेकीला मधाचं बोट चाटवलं. तिसऱ्या दिवशी लेक नुसती झोपून होती. आई कौतुकानं सांगत होती, "किती गुणाची हाय, रडतच न्हाई." दुपारी गावच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई बाळ बघायला आल्या. त्यांनी लेकीच्या तळव्याला टिचकी मारली, पुन्हा मारली. ती हललीसुद्धा नाही. "मावशी, ही झोपली न्हाई, उपाशी गळून गेली. जीप बोलवा, जल्दी!" म्हणत त्या माझं दूध वाटीत काढायला लागल्या. बाजेखाली शेगडी धगधगत होती. चमच्यातलं दूध लेकीच्या ओठांवरून मानेवर ओघळत होतं. जीप दवाखान्यापाशी पोचता पोचता तिनं एक घोट गिळला आणि बारीकसं रडली. काल भावजयीचं बाळही गाढ झोपलं होतं. आई "किती गुणाचं" म्हणाली आणि मधेच थांबली. आम्हा दोघींचे हात एकदमच त्याच्या तळव्याकडं गेले.